मालूआत्याचा हायवे

मालूआत्या रस्ता ओलांडत नसे. ती रस्ता थांबवायची. साकीनाक्याच्या चौकात सिग्नल लाल आहे की हिरवा याची फिकीर रिक्षावाल्यांनाही नसते, तिथे ती उजवा हात वर करून सरळ चालू लागायची. गाड्यांकडे बघायचीसुद्धा नाही. डाव्या हातात मासळीची पिशवी, बांगड्यांची नाहीतर सौंदाळ्यांची, आणि मागे जीव मुठीत धरून मी. एकदा एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "ओ मावशी, मरायचंय का?" आत्या चौकाच्या मधोमध थांबली. टेम्पो खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळला आणि म्हणाली, "ह्याच्याखाली? मेल्या, मरायचाच झाला तर जरा बरी गाडी बघीन मी."

ती आमच्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सगळी इमारत तिला आत्या म्हणे, आणि ती सगळ्या इमारतीला नावं ठेवत असे. मी तिच्यासाठी 'पत्रकबाई' होते. त्याला कारण होतं. माझे आजोबा मराठवाड्यातून आले ते एक घोंगडी आणि एक पेटी घेऊन. त्या पेटीत कपडे कमी आणि सभांची पत्रकं जास्त होती. बाबांनी त्यात भर घातली, मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. माझा पहिला वाचलेला शब्द 'जाहीर' होता आणि दुसरा 'निषेध', असं आई सांगते. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. आत्या ती आवडीने वाचायची. वाचून झाल्यावर त्यावर लसूण सोलायची.

"राग आला तर सांगते हं," ती म्हणायची. "पण कागद बरा आहे. सालं चिकटत नाहीत."

आत्या साकीनाक्याच्या एका गाळ्यात रेडियमचं काम करायची. रस्त्यावरचे बोर्ड असतात ना, रात्री गाडीचा उजेड पडला की चमकणारे, त्यांच्यावरचे बाण, आकडे, गावांची नावं ती कापून चिकटवायची. बुडबुडा राहू द्यायचा नाही, हा तिचा धर्म. टेबलावर वाकून, ओठ आत घेऊन, ती पट्टीने हवा बाहेर काढत न्यायची. कोणी घाई केली तर म्हणायची, "बाण वाकडा लागला तर माणूस दरीत जाईल. मग तू जाशील का त्याच्या घरी सांगायला?" तिने आख्ख्या महाराष्ट्राला वळणं दाखवली होती, आणि स्वतः मात्र एकाच रस्त्याने ये-जा केली होती. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हायवे. त्या हायवेवर तिचं गाव होतं, कातळशेत.

गाव रस्त्यावर नव्हतं, रस्ता गावात आला होता, हे ती प्रत्येक वेळी बजावून सांगायची. खालच्या वाडीत तिचं माहेर, वरच्या वाडीत सासर. मधून लाल मातीची बैलगाडीची वाट. मग तिच्या लहानपणी डांबर आलं. डांबर आलं तेव्हा गावाला आधी काही कळलंच नाही की हे कशासाठी. तिच्या आईने दुसऱ्याच दिवशी त्यावर कोकमाची सालं वाळत घातली. इतकी छान तापणारी, स्वच्छ, लांबलचक जागा सरकारने उगीच का दिली असेल? दिवसातून एकदा एसटी यायची. ड्रायव्हर सालांना वळसा घालून गाडी न्यायचा आणि मे महिना संपताना मूठभर कोकमं हक्काने मागून घ्यायचा.

"तेव्हा रस्ता आमच्याकडे नव्या सुनेसारखा होता," आत्या म्हणायची. "सांगू तसा वागायचा. मग सासू झाला."

त्याचं सासूपण तिने पायरीपायरीने पाहिलं. आधी गाड्या वाढल्या आणि कोकमं अंगणात गेली. मग ट्रक आले, पोरांना एकटं सोडणं बंद झालं. मग चौपदरीकरणाची बातमी आली. हद्दीचे दगड पुरले गेले, दुतर्फा आंबे आणि जांभळीची झाडं होती ती तुटली, डोंगर कापला. पुढची किती तरी वर्षं एक बाजू खणलेली आणि दुसरी खचलेली. ठेकेदार यायचे, जायचे. दर गणपतीला जाताना आत्या कंबरेला पट्टा बांधायची आणि परत आली की इमारतीला हायवेचा अहवाल द्यायची. मला वाटे, हा तिचा विरंगुळा आहे. तिची खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तिच्या बहिणीची होती.

बहिणीचं नाव बाय. आत्याहून थोरली, विधवा, खालच्या वाडीत माहेरच्याच घरात राहणारी. आत्याचं सासरचं घर वरच्या वाडीत. आत्या सुट्टीला गावी गेली की या दोघी दिवसभर त्या वाटेवरून एकमेकींकडे जायच्या. वाटीत काही ना काही घेऊन. कधी फणसाची भाजी, कधी नुसतं मीठ. बायच्या अंगणातून आत्याचं परसू दिसायचं. चार पदर झाले आणि बायचे गुडघे गेले, दोन्ही एकाच सुमारास. मधल्या कठड्याला लोकांनी पाडलेली एक फट होती, तिच्यातून धावत पलीकडे जायचं. बाय धावू शकत नव्हती. त्यानंतर ती आत्याकडे आली नव्हती. आत्या जायची तिच्याकडे, हात वर करून. पण बाय तिच्या दारात आली नव्हती. संध्याकाळी दोघी आपापल्या अंगणात उभ्या राहून पदर हलवायच्या. मध्ये ट्रक.

"होईल ना काहीतरी," आत्या मला म्हणायची. "एवढा मोठा रस्ता करतायत. माणसांसाठी खालून वाट ठेवणारच."

ठेवणार नव्हते, हे तिला गाळ्यात कळलं. तिच्याच पट्ट्यातल्या बोर्डांची ऑर्डर त्या गाळ्यात आली. कातळशेतचा बोर्ड तिने स्वतः मागून घेतला आणि इतका वेळ लावून चिकटवला की शेठ कुरकुरला. मग तयार बोर्ड तिने लादीवर रस्त्याच्या क्रमाने मांडले. वळण. उतार. कातळशेत. गुरं. वेग कमी करा. पुढचं गाव. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि शेठला म्हणाली, "माणूस कुठाय?"

"कुठला माणूस?"

"चालणारा. रस्ता ओलांडणारा. गुराचा बोर्ड आला, माणसाचा नाही आला."

"ऑर्डरमध्ये नाही, आत्या."

त्या संध्याकाळी ती घरी न जाता सरळ आमच्याकडे आली. चप्पलही काढली नाही. "पत्रकबाई," ती म्हणाली, "आमच्या गावात गुरं रस्ता ओलांडतात. माणसं ओलांडत नाहीत. चल, लिही."

मी लिहिलं. काय लिहिलं! भांडवल, विकास, वेगाची सत्ता, पायी चालणाऱ्यांचा इतिहास. तीन वेळा धिक्कार होता. आत्याने चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"छान आहे. ह्यात बाय कुठाय?"

"आत्या, हा एका बाईचा प्रश्न नाही. हा धोरणाचा प्रश्न आहे."

"धोरणाला गुडघे असतात?"

तिने पेन घेतलं आणि माझं सगळं आडवं खोडलं. खाली, बोर्डावर चिकटवावं तशा सरळ अक्षरात, लिहिलं: माझी बहीण रस्त्याच्या पलीकडे राहते. तिला माझ्याकडे यायचं आहे.

मी चिडले. हे काय पत्रक झालं? पण एक गोष्ट मी तेव्हा विचारली, आणि विचारली हे बरं झालं. म्हटलं, "त्या वाटेने अजून कोण जातं?" ती घडाघडा सांगू लागली, शाळेची पोरं, गुरं, दळणाला जाणाऱ्या बायका. "आणि बौद्धवाडी?" मी म्हटलं. "तुमच्या गावात असेल ना? ती कुठे आहे?"

आत्याने पेन खाली ठेवलं. बौद्धवाडी त्याच वाटेला लागून होती, व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे जाताना. तिथली माणसंही रोज तोच रस्ता ओलांडत होती. "लग्न झाल्यापासून त्या वाटेने जातेय," ती हळूच म्हणाली. "पण आत कधी वळले नाही."

पुढच्या खेपेला ती वळली. सह्या घ्यायला म्हणून. तिथल्या एका घरात चहा प्यायली, आणि परत येऊन मला म्हणाली, "त्यांनी आमच्या आधी दोनदा अर्ज दिलाय गो. आम्हाला कोणी सांगितलाच नाही." मग स्वतःच म्हणाली, "सांगणार कसे? आम्ही विचारलाच कधी?" त्यावर मी एक चांगलं धारदार वाक्य बोलणार होते. तिचा चेहरा बघून गिळलं.

कातळशेतच्या मुंबईकरांचं मंडळ घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात भरायचं. पोट सुटलेले, टक्कल पडलेले पुरुष पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. गावातला गटाराचा प्रश्नही आधी तिथे सुटायचा आणि मग गावाला कळायचा. आत्या मला बरोबर घेऊन गेली. बायका मागे, खिडकीशी. अध्यक्ष तात्या, निवृत्त बँकवाले, आनंदात होते. मंडळाच्या खटपटीने रस्त्याखालून एक भुयारी वाट मंजूर होत आली होती. पण ती देवळाजवळ. शिमग्यात देवाची पालखी वरच्या वाडीला जाते, तिचा मार्ग अडू नये म्हणून. उंचीसुद्धा पालखीच्या मापाने मागितली होती, नाचवताना ती डोक्याच्या वर उडते हे धरून. टाळ्या पडल्या.

आत्या उठली. "देवळाकडून रोज कोण जातं, तात्या?"

"मालू, बायकांचा विषय नंतर घेऊ."

"नंतर म्हणजे चहानंतर की आम्ही मेल्यानंतर?"

हशा झाला. तात्या हसले नाहीत. "अगं, एकच भुयार मिळणार आहे. देवाची वाट महत्त्वाची की नाही?"

"पालखी वर्षाला एकदा जाते. आम्ही दिवसाला चारदा. व्हाळाकडच्या पाणंदीवर मागा, आमच्या रोजच्या वाटेवर. शाळा तिथे, गिरण तिथे, बौद्धवाडी तिथे."

"आणि पालखीने काय करायचं? एवढा वळसा घालायचा?"

"पालखीक खांदे आसत, तात्या," आत्या म्हणाली. रागावली की ती मालवणीवर यायची. "ती फिरान येतली. माझ्या बायचे गुडघे गेले."

ठराव बदलला नाही. आम्ही रिक्षाने परत निघालो. असल्फ्याच्या चढावर ती एकदम म्हणाली, "मला वाटलं होतं, देवाचं नाव न घेता मागितलं म्हणजे तू खूश होशील. पण त्यांना देवच लागतो."

त्या वर्षी गौरीला मी तिच्याबरोबर कातळशेतला गेले. माझा देवीवर विश्वास नाही, हे मी निघण्याआधी स्पष्ट सांगितलं. "तिचाही तुझ्यावर नाही," आत्या म्हणाली. "चल."

त्यांच्याकडे गौर व्हाळावरून आणतात. तेरड्याची आणि हळदीची पानं सुपात घेऊन बाई निघते, आणि निघताना व्हाळाचं पाणी तोंडात धरते. घराच्या उंबऱ्यापर्यंत ते गिळायचं नाही, टाकायचं नाही, म्हणजे बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. व्हाळ खालच्या बाजूला, आत्याचं घर वरच्या. मध्ये हायवे. आणि त्या दिवशी दीड दिवसाचे गणपती बोळवलेले चाकरमानी मुंबईला परत निघालेले, त्यामुळे गाड्यांची रीघ.

आत्याने तोंडात पाणी घेतलं, सूप उचललं. घंटा वाजवायला शेजारची मुलगी असायची. पण बाय काठी टेकत पुढे आली आणि तिच्या हातातून घंटा काढून घेतली. "मी येतंय," ती म्हणाली. आत्याचे डोळे मोठे झाले. तिला काही म्हणायचं होतं. म्हणता येत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला आल्यावर आत्याने सूप डाव्या हातात घेतलं आणि उजवा वर केला. पहिली गाडी कचकचून थांबली, मग दुसरी. त्या दोघी उतरल्या. मागे मी आणि पाच-सहा बायका. बाय एक पाऊल टाकायची, थांबायची, घंटा वाजवायची. आत्या तिच्या पावलाला पाऊल लावून. मागे हॉर्न सुरू झाले. मधल्या फटीपाशी पोचेपर्यंत वळणापर्यंत गाड्या लागल्या होत्या. एक हवालदार धावत आला.

"काय चाललंय? कोणाच्या परवानगीने?"

आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. गाल फुगलेले.

"मावशी, मी तुम्हाला विचारतोय. कोणी परवानगी दिली? बोला ना!"

आत्या बघतेच आहे. मला बोलायचं होतं. आयुष्यभराची पत्रकं माझ्या घशाशी आली होती. पण आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

बाय म्हणाली, "तिका इचारू नकात. ती बोलाची नाय. तोंडात पाणी आसा."

"पाणी? मग थुंकायला सांगा!"

"गवर आसा हो हातात!" बाय कडाडली. एवढी मोडकी बाई, पण आवाज डोंगराला लागला.

हवालदाराने सुपाकडे पाहिलं. टोपी सारखी केली. मग पलीकडच्या दोन पदरांत गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. "जरा लवकर, आजी," एवढंच म्हणाला. ते ऐकून आत्याने चाल आणखी हळू केली. बायला दम लागला होता.

गाड्यांतून माणसं उतरली होती. सुरुवातीला ओरडत होती, मग बघत राहिली, मग एकेकाने मोबाईल वर केला. एका गाडीतून एक म्हातारी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या हात जोडत होती. बाय पलीकडच्या कडेला पोचली तेव्हा कोणीतरी हॉर्न वाजवला, पण तो घाईचा नव्हता.

उंबऱ्यावर आत्याने चूळ सोडली आणि पहिलं वाक्य बोलली. गौरीला उद्देशून नव्हे. "बाय, ये. किती दिसांनी इलंस." बाय दारातच बसली आणि रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायले.

ते चित्रण घाटकोपरच्या मंडळातही फिरलं. पुढच्या सभेत तात्या पहिलीच्या बाकावरून कसेबसे उठले आणि म्हणाले, "पालखी पाणंदीकडून नेऊ. देवाला विचारू कौल लावून." देवाने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण मंडळाने जागा बदलून मागितली. गौरी झाल्यावर साइटवरचा इंजिनिअर स्वतः येऊन पाणंद बघून गेला होता. बौद्धवाडीने आपल्या जुन्या अर्जांच्या प्रती जोडल्या. तरी पुढे काम रेंगाळलं, थांबलं, परत सुरू झालं. माझी पत्रकं मी अजूनही लिहिते. त्यांवर माझा विश्वास आहे. पण आता लिहून झालं की मी एकदा विचारते, ह्यात बाय कुठाय.

शेवटी पाणंदीवर भुयार झालं आणि आत्याने साकीनाक्याची खोली सोडली. इमारतीने निरोपसमारंभ ठेवला, त्यात तिने प्रत्येकाला एकेक दोष सांगितला. मला म्हणाली, "तू फार जोरात लिहितेस. लोक काय बहिरे नाहीत." आणि मग माझ्या हनुवटीला हात लावून बोटं स्वतःच्या ओठांकडे नेली.

आता ती नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. कणकवलीला एक सभा होती, जाताना कातळशेतला उतरले. घराला कडी होती. शेजारी म्हणाली, "दोघी भुयारात असतील."

मी पाणंदीने खाली गेले. काँक्रीटचा मोठा चौकोनी बोगदा, आत गार सावली, वरून ट्रक गेला की छत गुरगुरायचं. पालखीसाठी मागितलेली उंची तशीच दिलेली, त्यामुळे आवाज घुमायचा. बरोबर मध्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. तोवर आत्याचेही पाय गेले होते. पूर्ण वाट दोघींनाही झेपत नव्हती, म्हणून अर्धी तू ये, अर्धी मी येते, असं ठरलेलं. मध्ये परात, परातीत फणसाच्या आठळ्या. दोघी सोलत होत्या. बायला ऐकू कमी येत होतं, त्यामुळे आत्या ओरडून सांगत होती आणि भिंत ते परत सांगत होती. बौद्धवाडीतल्या दोन बायका दळणाचे डबे घेऊन आल्या, तिथे टेकल्या, चार आठळ्या सोलून दिल्या आणि पुढे गेल्या. शाळेची पोरं सायकली दामटत, उगाच किंचाळत, आरपार गेली. आत्याने त्यांना एक शिवी दिली. ती तिला घुमून परत मिळाली तेव्हा बाय हसायला लागली.

मी तोंडाशीच उभी राहिले. वाटलं, थोडा वेळ असंच बघत राहावं. आत्याने मान वर केली, उजेडाकडे डोळे बारीक केले, मला ओळखलं. मी काहीतरी म्हणायला पुढे झाले.

"मध्ये काय उभी राहिलीस, पत्रकबाई?" ती ओरडली. "बाजूक हो! म्हशी येतायत."